तुमचे प्रश्न, आमची उत्तरं : फडावरचं दुखणं

प्रश्न : एमएसडब्ल्यूच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बीडहून सांगली-कोल्हापूरकडे आलेल्या ऊसतोड बायकांच्या आरोग्यावर प्रबंध करतेय. ‘काही त्रास आहे का?’ असं विचारलं की कंबर धरून बसलेली बाईसुद्धा ‘नाही’ म्हणते. कुठं चुकतंय?

उत्तर : बाई खोटं बोलत नाहीये, प्रश्न चुकतोय. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि उचल, म्हणजे हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम, त्या कोयत्यावर घेतलेली. एकानं अंग टाकलं की खाडा पडतो, खाड्याचा दंड हिशेबात चढतो. म्हणून जे दुखणं घेऊन मोळी उचलता येते, त्याला ती त्रास म्हणतच नाही. आजार सोडा, खाडा विचारा. दिवाळीपासून किती खाडे झाले? कशानं? दंड किती धरला? मग विचारा, ‘खाडा नको म्हणून दवाखान्यात जायचं राहिलं, असं कधी झालं?’ खरं बोलणं इथून सुरू होतं.

कामाचं मोजमापही घ्या. सोबत लटकता काटा न्या. मोळी तीस-चाळीस किलोची सहज भरते. दिवसाला किती मोळ्या, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं की खालूनच द्यायची, पाळी आणि बाळंतपणानंतर कितव्या दिवशी पुन्हा फडात, हे लिहून घ्या. पाणी आणि लघवीचे प्रश्न तर गाळूच नका. आडोसा नाही म्हणून बाया पाणीच कमी पितात, मग जळजळ होते. पांढरं जाणं, ओटीपोटातली दुखणी घेऊन दवाखाना गाठला की ‘पिशवी काढून टाका’ असा सल्ला मिळालेल्या कितीतरी जणी आहेत. बीड जिल्ह्यातल्या २०१९च्या सरकारी पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं.

वैद्यकीय मानववंशशास्त्रात आर्थर क्लाइनमन यांची प्रश्नमाला प्रसिद्ध आहे. त्यातला एक प्रश्न इथं हमखास वापरा : ‘हे तेव्हाच का सुरू झालं, असं तुम्हाला वाटतं?’ उत्तरात एखादा हंगाम, एखादं बाळंतपण, एखादी उचल निघते.

मुकादम, म्हणजे मजूर आणणारा ठेकेदार, समोर असताना विचारू नका. बैलगाडीवाल्यांच्या तळावर नवरा गाडी घेऊन कारखान्याच्या काट्यावर रांगेत अडकतो, ती वेळ बरी. बाई भाकरी थापत असेल तर थापू द्या, वही नंतर उघडा. आणि मुकादमाचं नाव, उचलीचा आकडा आणि बाईचं नाव एकाच कागदावर कधीही नको. कागद हरवला तर पुढच्या हंगामाची उचल तिची बुडेल, तुमची नाही.

प्रश्न : भावजयीची पिशवी काढली, वय ३१. डिस्चार्ज कार्डवर काय बघू?

उत्तर : पहिलं, बीजकोश (अंडाशय) ठेवलेत की काढलेत. ‘बीएसओ’ लिहिलं असेल तर दोन्ही काढलेत. मग रजोनिवृत्ती लगेच येते, अंगातून वाफा निघतात, हाडं लवकर ठिसूळ होतात. अशा वेळी संप्रेरकांच्या गोळ्या द्यायच्या का, हे स्त्रीरोगतज्ज्ञाला विचारायला उशीर करू नका. बीजकोश ठेवले असतील तर पाळी थांबते, पण संप्रेरकं चालू राहतात. दुसरं, काढलेली पिशवी तपासणीला पाठवली होती का. त्याचा लेखी रिपोर्ट मागून घ्या. तिसरं, ‘सबटोटल’ असेल तर गर्भाशयाचं तोंड शिल्लक आहे, त्यामुळे त्याच्या कॅन्सरची तपासणी पुढेही लागेल. कार्ड आणि रिपोर्टचा फोटो मोबाइलवर ठेवा, मूळ कागद गावी ठेवा. कोपीत, म्हणजे तळावरच्या झोपडीत, ते टिकत नाहीत.