मागास भागाला ‘दिलं’ किती, हे मोजताना करसवलतीही मोजा

तुम्ही विचारलंय: “मी पुण्यात राहतो, कर भरतो. विदर्भ-मराठवाड्याला इतकी वर्षं विकासनिधी दिला, सेझ (विशेष आर्थिक क्षेत्रं) दिले, उद्योगांना सवलती दिल्या, तरी ते भाग मागासच. मग न्याय्य वाटप म्हणजे नक्की काय? लोकसंख्येच्या प्रमाणात सगळ्यांना सारखं देऊन हा विषय एकदाचा का मिटवू नये?”

मी अमरावती जिल्ह्यातला, दर्यापूरकडचा. नोकरीची सव्वीस वर्षं जिल्हा नियोजनाच्या कामात गेली, वेगवेगळ्या जिल्ह्यांत. आमच्या तक्त्यात चार रकाने असायचे: मंजूर, प्राप्त, खर्च आणि समर्पित, म्हणजे न वापरता सरकारला परत केलेला. ‘निधी दिला’ असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा पहिल्या रकान्याबद्दल बोलत असतो, कारण बातमी त्याचीच येते. गावात रस्ता मात्र तिसऱ्या रकान्यातून येतो.

एका वर्षीची ३१ मार्चची रात्र मला अजून आठवते. एका योजनेचा जवळजवळ निम्मा पैसा २९ तारखेला बीडीएसवर, म्हणजे निधी वितरणाच्या संगणक प्रणालीवर, दिसायला लागला. कामांना प्रशासकीय मान्यता होती, तांत्रिक मान्यता व्हायची होती. ज्या उपअभियंत्याच्या सहीनं ती होते त्याचं पद दीड वर्ष रिकामं होतं आणि ज्यांच्याकडे अतिरिक्त कार्यभार होता ते आधीच दोन तालुके सांभाळत होते. जी थोडी देयकं तयार झाली त्यांचा गठ्ठा घेऊन आम्ही रात्री साडेअकराला कोषागारात उभे होतो. पास झाली तेवढी झाली, उरलेली रक्कम बाराच्या आत समर्पित केली. पुढच्या वर्षी त्याच कामांसाठी नव्यानं मागणी. कागदावर त्या तालुक्याला दोनदा निधी मिळाला. रस्ता एकदाही झाला नाही.

तुम्ही सुचवलेलं लोकसंख्येचं सूत्र नवीन नाही. विदर्भ-मराठवाडा संयुक्त महाराष्ट्रात यावेत म्हणून झालेल्या २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात तेच लिहिलं होतं: खर्च लोकसंख्येच्या प्रमाणात, आणि मराठवाड्याकडे विशेष लक्ष. १९५६ मध्ये राज्यघटनेत कलम ३७१(२) आलं, त्यात विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी वेगळ्या विकास मंडळांची तरतूद झाली. ती मंडळं प्रत्यक्षात आली १ मे १९९४ ला. मधली अडतीस वर्षं ते कलम पुस्तकात पडून होतं.

दरम्यान १९८३ मध्ये अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली आणि पुढच्या वर्षी तिचा अहवाल आला. पद्धत सरळ होती. रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य, पिण्याचं पाणी अशा एकेका क्षेत्रात राज्याची सरासरी काढायची; जो जिल्हा सरासरीच्या खाली, त्याला तिथवर आणायला किती पैसे लागतील ते मोजायचं. तो अनुशेष. एकूण भरला सुमारे ३,१८६ कोटी रुपये. त्यात विदर्भाचा वाटा ३९.१२ टक्के, मराठवाड्याचा २३.५६ आणि उर्वरित महाराष्ट्राचा ३७.३२. हा शेवटचा आकडा बघा. ‘उर्वरित’मध्ये मुंबई-पुणं येतं तसे नंदुरबारचे धडगाव-अक्कलकुवाही येतात आणि कोकणही येतं. म्हणून हे भांडण विदर्भ विरुद्ध पुणे असं मांडलं की मला वाईट वाटतं.

पुढे १९९४ ची स्थिती धरून निर्देशांक व अनुशेष समितीनं पुन्हा मोजणी केली तेव्हा आकडा १४,००६ कोटींवर गेला होता. किमती वाढल्या, निकष वाढले, हे त्यात आलंच. पण थकलेलं काम पुढे ढकललं की ते महाग होतं, याचा हिशेब कोण देणार? भंडाऱ्याच्या गोसीखुर्द धरणाचा मूळ अंदाज ३७२ कोटींचा होता, भूमिपूजन १९८८ मध्ये झालं. आज तो खर्च १८ हजार कोटींच्या वर गेला आहे. हे १८ हजार कोटी ‘विदर्भाला दिले’ म्हणून मोजायचे, की उशिराचा दंड म्हणून?

सरासरीचाही एक सापळा असतो. आमच्याच जिल्ह्यात वरुड-मोर्शीकडे संत्र्याच्या बागा आहेत आणि दर्यापूरकडे खारपाणपट्टा. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा मिळून सुमारे पावणेपाच लाख हेक्टर जमिनीखाली खारं पाणी आहे. माझी आई विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजवायची तेव्हा ती तासभर नुसती उकळत राहायची, दाणा फुटायचाच नाही. डाळीपुरतं गोडं पाणी दोन मैलांवरून कावडीनं यायचं. ते आणायला माझी मोठी बहीण जायची, म्हणून तिची शाळा चौथीतच सुटली. आता सांगा, जिल्ह्याच्या सरासरीत ही डाळ कुठे दिसते? तालुका धरून मोजलं तरच दिसते.

आता सेझकडे येतो, कारण माझं खरं म्हणणं तिथेच आहे.

अर्थसंकल्पातून जाणाऱ्या पैशाला निदान सूत्र असतं, त्यावर अधिवेशनात भांडता येतं. जो कर सरकार घेतच नाही, त्याला सूत्र नसतं. सेझचा कायदा २००५ चा, अंमल फेब्रुवारी २००६ पासून. निर्यातीच्या नफ्यावर पहिली पाच वर्षं पूर्ण प्राप्तिकर माफ होता, पुढची पाच वर्षं निम्मा, आणि त्यापुढची पाच वर्षं नफा पुन्हा धंद्यात घातला तर त्यावर सूट. ही सवलत हिंजवडीत जेवढी होती, तेवढीच नागपूर विमानतळाजवळच्या मिहान प्रकल्पातल्या सेझमध्ये. कायद्यानं मागास आणि पुढारलेला असा भेद केलाच नाही. मग कंपनी कुठे जाईल? जिथे विमानतळ जवळ आहे, बंदर तासा-दोन तासांवर आहे, हाताखाली इंजिनिअर तयार मिळतात, तिथेच. नागपूरहून न्हावाशेवा बंदराला कंटेनर न्यायचा म्हणजे साडेआठशे किलोमीटरच्या आसपास रस्ता. त्यामुळे राज्यातले चालते सेझ बहुतेक पुणे आणि मुंबई-ठाणे-रायगड पट्ट्यात साचले.

भारताच्या महालेखापरीक्षकांनी २०१४ मध्ये सेझचा अहवाल दिला. २००६-०७ ते २०१२-१३ या सात वर्षांत देशभर सुमारे ८३ हजार कोटींच्या करसवलती गेल्या आणि अधिसूचित झालेल्या ४५,६३५ हेक्टरांपैकी २८,४८८ हेक्टरांवरच काम सुरू झालं, असं त्यात आहे. ८३ हजार कोटी हासुद्धा सार्वजनिक पैसाच. तो अनुशेषाच्या तक्त्यात कधी आला नाही.

मिहानबद्दल मी कडवटपणे बोलणार नाही. तिथे टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल आल्या, विमान दुरुस्तीचं केंद्र झालं, विमानाचे सुटे भाग बनतात. आमच्याकडच्या पोरांना तिथे नोकऱ्या लागल्या याचा मला मनापासून आनंद आहे. पण शिवणगाव, खापरी, तेल्हारा, दहेगाव, कलकुही या गावांच्या जमिनी गेल्या, आणि त्या मानानं भूखंड फार सावकाश भरले. २०११ च्या केंद्रीय अर्थसंकल्पानं सेझमधल्या उद्योगांवरही किमान पर्यायी कर, म्हणजे सवलती असल्या तरी भरावाच लागणारा कर, लावला, तेव्हा जे आधी बसले होते ते निभावले. जिथे अजून रस्ते-वीज पोहोचायची होती तिथलं आकर्षण आधी संपलं. सवलत देतानाही पुढचा पुढे, काढून घेतानाही मागचा मागे.

रायगडमध्ये तर लोकांनीच नको म्हटलं. उरण-पेण-पनवेलच्या महामुंबई सेझसाठी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातली जमीन जाणार होती. सप्टेंबर २००८ मध्ये बावीस गावांत सरकारी पातळीवर लोकांचं मत घेतलं गेलं. शेतकरी कामगार पक्षाच्या एन. डी. पाटील सरांनी त्या शेतकऱ्यांसाठी रान उठवलं होतं. पुढे भूसंपादन मुदतीत झालं नाही आणि तो सेझ बारगळला. गोव्यात तर त्याच्याही आधी, २००७ च्या शेवटी, सरकारनं सगळेच सेझ रद्द करायचं जाहीर केलं. पाणी आणि भातशेती असलेली जमीन करमुक्त क्षेत्राला द्यायची आणि कोरडा माळ तसाच ठेवायचा, यात वाटपाचा न्याय कुठे होता?

राज्याची स्वतःची उद्योगांसाठीची सामूहिक प्रोत्साहन योजना आहे, १९६४ पासूनची. तिची रचना मला पटते. तालुक्यांचे अ, ब, क, ड, ड+ असे गट. तालुका जितका मागास तितका उद्योगाला कराचा परतावा जास्त. पण मोठ्या गुंतवणुकीसाठी ‘विशाल प्रकल्प’ हे दार उघडं ठेवलं गेलं आणि चाकण-तळेगाव पट्ट्यातल्या वाहन कारखान्यांनाही त्यातून सवलती मिळाल्या. २०१६ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या उद्योगांना वीजदरात सवलत सुरू झाली. चांगली गोष्ट; फक्त जो जास्त वीज खातो त्यालाच जास्त मिळाली. पोलादाच्या भट्ट्यांकडे मोठा वाटा गेला आणि बाजूच्या दालमिलला थोडं, अशी टीका झाली. मला ती रास्त वाटते, कारण दालमिलमध्ये आमच्या आयाबाया कामाला असतात.

तुम्ही कर भरता, हे खरं आहे आणि त्याबद्दल आदर आहे. माझा पुतण्या पण हिंजवडीत कर भरतो. तो शिकला अमरावतीत, त्याची फी भरली कापसाच्या पैशातून. कमवायला लागला आणि त्याचा कर पुण्याच्या खात्यात जमा व्हायला लागला. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात हिंजवडीजवळच्या भूमकर चौकात एकदा उभे राहा. अकोला, यवतमाळ, नांदेड, परभणीच्या ट्रॅव्हल्स रांगेनं लागलेल्या असतात, तिकीट दुप्पट-तिप्पट, आणि पाठीला लॅपटॉपची बॅग लावलेली पोरं तासन्‌तास ताटकळत असतात. चंद्रपूरचं औष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॉटचं आहे. त्यातली वीज राज्यभर जाते, राख चंद्रपुरात राहते. कंपन्यांचा कर मात्र जिथे मुख्यालय तिथे मोजला जातो. म्हणून ‘आमचा कर, तुमचा निधी’ हा हिशेब मला पहिल्याच ओळीला चुकलेला वाटतो.

मग न्याय्य काय? लोकसंख्येचं प्रमाण नेहमीच्या खर्चाला लावा: शिक्षक, औषधं, आहार. त्याला माझी हरकत नाही, जरी मेळघाटात एक किलोमीटर रस्त्याला लागणारा पैसा आणि त्यावरून जाणारी माणसं यांचं गणित सपाटीवरच्यासारखं बसत नाही. थकबाकी, म्हणजे अनुशेष, मात्र लोकसंख्येनं फिटत नाही, ती जितकी थकली तितकीच द्यावी लागते. मंजूर रक्कम खर्च झाली नाही तर ३१ मार्चला परत न जाता त्याच तालुक्याच्या नावावर पुढच्या वर्षात यावी. त्या तालुक्यातल्या अभियंत्यांची पदं आधी भरावीत, नाहीतर पैसा पाठवून उपयोग नाही. विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. सप्टेंबर २०२२ मध्ये मंत्रिमंडळानं त्यांच्या पुनर्गठनाची शिफारस करायचं ठरवलं. आकडे जाहीरपणे तपासणारी तेवढी एकच जागा होती, ती पुन्हा भरलेली मला बघायची आहे.

आणि सगळ्यात आधी: दर वर्षी अर्थसंकल्पासोबत एक जास्तीचा तक्ता ठेवला जावा. कोणत्या जिल्ह्यातल्या उद्योगांना किती कर माफ झाला, किती परतावा गेला, किती वीजसवलत मिळाली, आणि त्याच्या शेजारी त्याच जिल्ह्याचा विकासनिधीचा प्रत्यक्ष खर्च. दोन्ही आकडे सरकारकडे वेगवेगळ्या खात्यांत असतातच, एका कागदावर आणायचे एवढंच. आमच्यातले काही निवृत्त लोक तशी मागणी करणारं पत्र तयार करतोय. त्यावर पुण्याहून सह्या आल्या तर मला विदर्भातल्या सह्यांपेक्षा त्यांचं मोल जास्त वाटेल.