रॉकीच्या गोळ्या आज बंद करू नका

ताई, तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. रॉकी अकरा वर्षांचा लॅब्रॅडॉर, ३४ किलो, पाऊस लागल्यापासून मागचा भाग उचलायला दहा मिनिटं घेतो, आठशे रुपयांचं हेम्प ऑइल मागवलंय, रोज पाच थेंब देताय आणि ‘आता पेनकिलर बंद करावी म्हणते’. हे शेवटचं वाक्य वाचून पोटात गोळा आला. मी अगदी हेच केलं होतं. म्हणून आधी एवढंच सांगते, बाकीचं सावकाश वाचा: गोळ्या आज बंद करू नका.

मी डॉक्टर नाही. गोव्यात फोंड्याजवळ राहते, घरात कायम गावठी कुत्री असतात. आमचा टिपू बारा वर्षांचा होता, २२ किलो. सकाळी पाव विकणाऱ्या पदेराचा पोंपों भोंगा लांबून ऐकू आला की सायकल वळणावर यायच्या आत हा गेटपाशी. त्या वर्षी जूनमध्ये पोंपों वाजला की तो सोप्यावरूनच मान वर करायचा, उठायचा नाही. चालताना मागच्या पायांची नखं लादीवर घासत जायची, खर्रर्र असा आवाज यायचा. डाव्या पायाची मधली दोन नखं पुढून झिजून सपाट झाली होती. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, दोन्ही खुब्यांचे सांधे झिजलेले निघाले. कारप्रोफेन ही कुत्र्यांची पेनकिलर सुरू केली आणि त्याला बरंही वाटत होतं. पण रोज गोळी म्हणजे मूत्रपिंड खराब होणार, असं मनात बसलेलं. अशात सीबीडीबद्दल, म्हणजे हेम्पच्या (भांगेच्या) झाडातल्या, नशा न आणणाऱ्या आणि दुखण्यावर देतात त्या घटकाबद्दल वाचलं आणि बाटली मागवली. पुढे हिरवं पान, मोठ्या अक्षरांत ‘हेम्प, १००० मि.ग्रॅ.’. बाटली आली त्याच दिवशी मी गोळी थांबवली. डॉक्टरांना विचारलं नाही.

ते तेल भांगेच्या बियांचं होतं. बियांच्या तेलात ओमेगा असतं, ते खायला चांगलं. आपल्याकडे २०२१ पासून ते अन्न म्हणून विकायला परवानगीही आहे. पण त्यात सीबीडी जवळजवळ नसतं. सीबीडी येतं पानांतून आणि फुलोऱ्यातून, बीमधून नाही. मी टिपूला नऊ आठवडे, म्हणजे गणपतीची चवथ होऊन गेली तोपर्यंत, सांधेदुखीवर खाण्याचं तेल देत होते, आणि खरं औषध कपाटात पडून होतं.

दुसऱ्या आठवड्यातच मला शंका आली होती. विकणाऱ्यांच्या मदत क्रमांकावर फोन केला. साधा प्रश्न होता, यात सीबीडी किती? उत्तर आलं, ‘मॅडम, हजार मिलिग्रॅम हेम्प आहे.’ हेम्प नाही, सीबीडी किती? ‘तेच ते, मॅडम.’ प्रयोगशाळेचा अहवाल मागितला तर माहितीपत्रक पाठवलं. पुन्हा मागितला तर अहवाल आला, पण त्यावरचा बॅच क्रमांक माझ्या बाटलीचा नव्हता. तिसऱ्या फोनवर सांगितलं, ‘नैसर्गिक आहे, परिणाम दिसायला तीन महिने द्या.’ त्या तीन महिन्यांच्या बोलण्यावर मी विसंबले, याचा राग अजून गेलेला नाही. समोरचा मुलगा नोकरी करत होता, त्याच्यावर रोष नाही. पण मुकं जनावर दुखतंय असं स्वतः सांगू शकत नाही, हे ठाऊक असलेल्या माणसांनी असं उत्तर लिहून हातात देऊ नये.

नऊ आठवड्यांत टिपूच्या मागच्या मांड्या हाताला लागेनाशा झाल्या. दुखतं म्हणून हालचाल कमी, हालचाल कमी म्हणून स्नायू जातात, स्नायू गेले की सगळा भार सांध्यावर. गोळी पुन्हा सुरू केल्यावर दुखणं उतरलं, मांड्या भरल्या नाहीत. त्या वयात गेलेला स्नायू परत आणणं फार कठीण.

खरं तेल आम्ही ऑक्टोबरमध्ये सुरू केलं. आपल्याकडे ते आयुर्वेदिक औषध म्हणून, ‘विजया’ या नावाने, चिठ्ठीवर मिळतं. लेबलवर परवाना क्रमांक हवा, वैद्यकीय देखरेखीखाली घ्या ही सूचना हवी, आणि सीबीडी व टीएचसी (भांगेतला नशा आणणारा घटक) किती ते वेगवेगळं लिहिलेलं हवं. ते नसेल तर मी बाटली उघडणारही नाही.

आता तुमचे पाच थेंब. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात २०१८ साली सांधे झिजलेल्या कुत्र्यांवर अभ्यास झाला, त्यात दर किलोला २ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा दिलं आणि दुखणं कमी झालेलं दिसलं. रॉकीला या हिशेबाने एका वेळेला ६८ मिलिग्रॅम लागतात. समजा ३० मिलिच्या बाटलीत १५०० मिलिग्रॅम खरं सीबीडी आहे, तर पाच थेंबांत साधारण १२ मिलिग्रॅम जातं. म्हणजे तेल अस्सल असलं तरी ते मात्रेच्या जवळपास येत नाही, आणि पूर्ण मात्रेने बाटली अकरा दिवसांत संपते. हा आकडा बघून उद्यापासून एवढं द्यायला लागू नका. आमच्या डॉक्टरांनी पाव मात्रेने सुरुवात करून हळूहळू वाढवलं. २०२१ मध्ये कोलोरॅडोतल्या अशाच एका छोट्या अभ्यासात साध्या तेलापेक्षा काही फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं. माझं मत विचाराल तर सीबीडी ही जोड आहे, गोळीची जागा घेणारी वस्तू नाही.

दोन्ही अभ्यासांत यकृताचे आकडे मात्र काही कुत्र्यांत वाढले होते. सीबीडी यकृतातच मोडतं, आणि इतर बरीच औषधंही तिथेच. म्हणून आधी एकदा आणि चार आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासा. रॉकीला फिट्सची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना ते आधी सांगा.

तुम्ही मांद्र्याला आहात म्हणून मुद्दाम लिहिते. किनाऱ्याकडे कोणीतरी ‘घरी काढलेलं, शुद्ध’ म्हणून छोट्या बाटलीत तेल देतं. ते कितीही ओळखीच्या माणसाने दिलं तरी घेऊ नका. त्यात टीएचसी किती हे देणाऱ्यालाही माहीत नसतं, आणि कुत्र्याच्या मेंदूवर त्याचा परिणाम माणसापेक्षा फार जास्त होतो. झोकांड्या जातात, उभ्या उभ्या लघवी गळते, नुसता हात पुढे केला तरी दचकतं. शिवाय १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याचं लचांड आहेच. माणसांसाठीचं गोड चवीचं तेलही नको, त्यात साखरेऐवजी घालतात ते झायलिटॉल असू शकतं आणि ते कुत्र्याला विष आहे. घरातली आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक तर कुत्र्याच्या जवळही नेऊ नका.

अजून एक, रॉकीची गोचीड तापाची तपासणी झाली आहे का? तुम्ही लिहिलेलं नाही. आपल्याकडे पावसात गोचिड्या किती होतात ते माहीत आहे, आणि त्या तापातही सांधे धरतात, कुत्रं लंगडतं. सगळं म्हातारपणावर ढकलू नका.

घरातल्या गुळगुळीत लाद्यांवर पायपुसणी अंथरा, निदान झोपायच्या जागेपासून ताटलीपर्यंत. टिपूला निम्मा आराम त्यानेच पडला असं मला वाटतं. पंज्यांमधले केस कापा. ३४ किलो जास्त आहे का तेही विचारा, वजन उतरलं तर सांध्याला त्यासारखं औषध नाही. समुद्र जवळ आहे तर ओहोटीला ओल्या, घट्ट वाळूवर हळूहळू चालवा, वरच्या भुसभुशीत वाळूत नको.

टिपूची गोळी शेवटपर्यंत पूर्ण सुटली नाही, पण डॉक्टरांनी ती निम्मी केली. तेल सुरू झाल्यावर पाचव्या आठवड्यात एका सकाळी पोंपों वाजला आणि तो उठला. गेटपर्यंत पोचेतो पदेर पुढच्या घरी गेला होता. मी हाक मारून त्याला परत बोलावलं आणि टिपूसाठी एक वेगळा उंडा पाव घेतला. त्यानंतर तो दीड वर्ष होता.

बाटलीच्या मागच्या बाजूचा फोटो टाका, अक्षरं नीट वाचता येतील असा. रक्ताचे रिपोर्ट असतील तर त्यांचाही. मी रात्री जेवणं आटपली की बघते.