व्यायाम नावडतो म्हणतेस ना

बाळा,

तुझा मेसेज दोनदा वाचला. "मी स्पोर्ट्स टाइपची नाहीच" असं इतकं ठाम लिहिलंयस. पण अगं ही नावड सगळी जन्मतःच येत नाही, ती तयारही होते, आणि बरेचदा शाळेतच होते. आठव जरा, होमवर्क नाही केला की उठाबशा, उशीर झाला की ग्राउंडला राउंड, आणि टीम पाडताना शेवटपर्यंत उभी राहिलेली तू. इतकी वर्षं शरीर हलवणं म्हणजे शिक्षा नाहीतर फजिती, मग आवडणार कसं? याला आळस म्हणू नकोस, मला ते ऐकवत नाही.

आणि बदलतं कसं ते बघायचं तर कुठल्याही मलखांबाच्या क्लासला जा. खांबाला एरंडेल चोळलेलं असतं, नवीन पोर घसरतंच, पण खालची पोरं ओरडतात "अंगठ्यात धर, अंगठ्यात!" आणि ते परत चढतं आणि दुसऱ्या दिवशी पण येतं. तीच पोरं हसली असती तर आलं नसतं, एवढाच फरक आहे बघ. आपल्या बडोद्यात तर व्यायामगुरू माणिकरावांचं जुम्मादादा व्यायाम मंदिर आहे, व्यायाम ज्ञानकोशाचे १० खंड बडोद्यातूनच निघाले, म्हणजे व्यायाम फक्त पैलवानांचा नाही, लिहिण्या-वाचणाऱ्यांचा पण आहे हे या गावाला केव्हाच पटलं होतं.

तू मात्र जिमची वर्षाची फी आत्ता भरू नकोस. कमाटीबागेत मैत्रिणीबरोबर भरभर चाल, इतकी की गप्पा मारता येतील पण गाणं म्हणता येणार नाही. दम लागून जीव नकोसा झाला की मन दुसऱ्या दिवशी आपोआप कारणं शोधतं, म्हणून त्याच्या अलीकडेच थांब, आणि शेवटची पाच मिनिटं मुद्दाम हळू चाल, कारण शेवट कसा झाला ते जास्त लक्षात राहतं. मोठ्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं सांगतात, पण तो आकडा सध्या बाजूला ठेव, आधी जावंसं वाटू दे.

वजन, कॅलरी मोजू नकोस, खरंच. महिनाभराने बॅडमिंटन शिकावंसं वाटलं तर सांग, माझी रॅकेट आहे, तिचं गटिंग, म्हणजे जाळी, बदलून देतो.

काका