वाळूवरची नक्षी वाचायला शिकताय? सुरुवात इथून करा

गुहागरला राहता म्हणजे समुद्रकिनारा, म्हणजेच तुमची शाळा, दारातच आहे. सुरुवातीला तीनच गोष्टी पक्क्या करा.

पहिली, लाटेची नक्षी आणि वाऱ्याची नक्षी वेगळी. ओहोटीला उघड्या पडलेल्या ओल्या वाळूवरच्या वळ्या पाण्याने केलेल्या असतात. लाटेच्या ये-जा करण्याने त्या दोन्ही बाजूंनी सारख्या उतरतात. वाऱ्याच्या वळ्या भरतीरेषेच्या वर, कोरड्या वाळूत शोधा. नवखे लोक हमखास इथेच चुकतात.

दुसरी, वारा कुठून आला ते ओळखा. वळीचा लांब, सौम्य उतार वाऱ्याकडे, आखूड आणि तीव्र उतार आडोशाला. खात्री करायची तर शिंपला किंवा मर्यादवेलीचं पान बघा. त्यामागे वाळूची निमुळती शेपटी साचते, तिचं टोक वारा जातो त्या दिशेला. माथ्यावरची वाळू चिमटीत घ्या, खोबणीतल्यापेक्षा जाड लागेल. बारीक कण उडून जातात, जाड मागे राहतात.

तिसरी, वेळ. दुपारी खारे वारे जोरात असतात तेव्हा नक्षी बनते, पण दिसते ती तिरप्या उन्हात. मी संध्याकाळीच जातो. भर दुपारी फोटो काढून निराश होऊ नका.

पुढे हिमालयात बर्फ बघायला गेलात तर उताराचा हा नियम जसाच्या तसा लावू नका. तिथे वारा घट्ट बर्फ कोरतो, त्या कोरीव कंगोऱ्यांची उभी, टोकदार बाजू वाऱ्याकडे असते. पण ते नंतर. आधी महिनाभर एकाच जागी रोज जा आणि वहीत वाऱ्याची दिशा लिहा.