संधिवाताच्या डॉक्टरकडे पहिल्यांदाच जातेय, काय तयारी करून जाऊ?

तुम्ही लिहिलंय की तीन महिने बोटं दुखतायत, आरए फॅक्टर (आमवातासाठी करतात ती रक्ताची टेस्ट) पॉझिटिव्ह आला म्हणून फॅमिली डॉक्टरांनी रुमॅटॉलॉजिस्टकडे पाठवलंय आणि अपॉइंटमेंटला दहा दिवस आहेत. मी सांगलीची, मला आमवात (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस) होऊन सहा वर्षं झाली. पहिल्यांदा पुण्याला दाखवायला गेले तेव्हा ही जाडजूड फाइल नेलेली आणि डॉक्टरांनी पहिलाच जो प्रश्न विचारला त्याचं उत्तर फाइलमध्ये नव्हतंच. सकाळी उठल्यावर हात मोकळे व्हायला किती वेळ लागतो? मी म्हटलं थोडा वेळ. थोडा म्हणजे, चहा होईपर्यंत की अंघोळ होईपर्यंत? मी गप्प. मागून नवरा म्हणाला, दहा वाजेपर्यंत हिला दुधाची पिशवी फोडता येत नाही, मीच फोडून देतो. डॉक्टरांनी ते लगेच लिहून घेतलं.

म्हणून हे दहा दिवस रोज लिहून ठेवा, उठलात किती वाजता आणि मूठ नीट वळायला लागली किती वाजता. झिजेचं दुखणं असेल तर आखडलेपण सहसा अर्ध्या तासाच्या आत जातं आणि काम केलं की दुखतं, आमवातात तासभर किंवा जास्तही राहतं आणि हालचाल केली की उलट बरं वाटतं, त्यामुळे त्यांच्या दृष्टीने हा आकडा फार महत्त्वाचा असतो. कोणते सांधे, दोन्ही हातांचे का, पायाची बोटं दुखतात का (चप्पल घालून पहिली पावलं टाकताना कळतं) हेही लिहा. आणि सूज दिसली की लगेच मोबाइलवर फोटो काढा कारण नेमकं अपॉइंटमेंटच्या दिवशी हात एकदम शहाण्यासारखे वागतात. माझ्या रोजच्या बांगड्या चढेनाशा झालेल्या, ते मी सांगितलंच नाही, मला वाटलं वजन वाढलंय.

आता जरा नाजूक गोष्ट. मी आधी चार महिने एकाकडून पुड्या घेत होते, दुखणं जादू झाल्यासारखं थांबायचं, आणि हे मी डॉक्टरांपासून लपवलं, ओरडतील म्हणून. अशा पुड्यांमध्ये कधीकधी स्टिरॉइड मिसळलेलं असतं, त्याने सूज दबते आणि तपासताना खरं चित्र दिसत नाही. तुम्ही असलं काही घेत असाल तर उरलेली पुडी सरळ सोबत न्या, आणि बरेच दिवस घेत असाल तर मनाने एकदम बंदही करू नका, स्टिरॉइड अचानक सोडलं तर त्रास होतो. बीपी थायरॉइडच्या गोळ्या नेहमीसारख्या चालू ठेवा. पेनकिलरचं मात्र अपॉइंटमेंटवाल्यांना फोन करून विचारा की त्या दिवशी घेऊ का नको.

रिपोर्टचं म्हणाल तर आरए फॅक्टर पॉझिटिव्ह म्हणजे आमवात झालाच असं नाही, तो निरोगी माणसातही येतो आणि आमवात असलेल्या काही जणांत येत नाही. त्यापेक्षा अँटी सीसीपी जास्त भरवशाची टेस्ट, पण ती आणि बाकीचं काय करायचं ते डॉक्टरांना ठरवू द्या, आधीच लॅबमध्ये जाऊन हजारोंचं पॅकेज करून येऊ नका, मी केलेलं, त्यातलं निम्मं कामाचं नव्हतं. आहेत ते रिपोर्ट तारखेप्रमाणे लावा, एक्सरेची फिल्मच न्या.

हाताशी संबंध नाही असं वाटणारं पण सांगा. डोक्यात किंवा कोपरावर खवले, सारखं तोंड येणं, डोळे कोरडे किंवा लाल होणं, थंडीत बोटं पांढरी पडणं, घरात कुणाला सोरायसिस किंवा आमवात. चिकनगुनिया होऊन गेला असेल तर आवर्जून, कारण त्याने पण महिनोन् महिने सांधे धरतात. पूर्वी टीबी किंवा कावीळ झाली असेल तर औषध ठरवताना ते लागतं, आणि मूल हवं असेल किंवा दिवस राहण्याची शक्यता असेल तर न लाजता स्पष्ट बोला, यातली काही औषधं गरोदरपणात अजिबात चालत नाहीत.

मेथोट्रेक्सेट लिहून दिलं तर ते आमवातासाठी आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, रोज नाही. आमच्या मेडिकलवाल्याने पाकिटावर रोज एक असं लिहिलेलं, नशीब नवऱ्याने चिठ्ठी परत वाचली. वार ठरवून चिठ्ठीवरच लिहून घ्या, फॉलिक ॲसिड कोणत्या दिवशी तेही. असर दिसायला सहा ते बारा आठवडे जातात, मी तिसऱ्याच आठवड्यात वैतागून बंद केलं आणि परत पहिल्यापासून सुरू करावं लागलं.

बाकी किरकोळ. गुडघ्यापर्यंत वर सरकेल असे सैल कपडे घाला, नेलपॉलिश काढून जा, नखं पण बघतात. घरातलं एक माणूस न्या, शक्यतो सकाळी तुम्हाला बघणारं. ईएसआर, सीआरपी वगैरे सूज बघायच्या रक्ताच्या टेस्टना उपाशी राहावं लागत नाही त्यामुळे खाऊन जा आणि डबा पण घ्या, आमचा नंबर यायला अडीच तास लागले होते आणि तोवर त्या बाकावर बसून बसून माझे गुडघे परत आखडले, मधेमधे उठून चक्कर मारत राहा.