मरीन टाकीतले पांढरे दाणे, चिकट थर आणि बाकीचे परजीवी: तुमचे प्रश्न

ऊन तापायला लागलं की आपल्या खान्देशातल्या मरीन, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या टाकीवाल्यांचे प्रश्न वाढतात, दरवर्षीचं आहे हे. बाहेर 44-45 डिग्री, घरात पाणी तापतंय, त्यात मुंबईहून आलेला मासा आधीच थकलेला. ह्यावेळचे सगळे प्रश्न माशाच्या अंगावरच्या आणि कल्ल्यातल्या परजीवींचे आहेत म्हणून एकत्रच घेतो.

प्रश्न (भुसावळ): भाऊ, मुंबईहून ब्लू टँग आणला, आठ दिवसांत अंगावर मीठ शिंपडल्यासारखे पांढरे दाणे आले. दुकानदार म्हणाला पंखा बंद कर, पाणी 32 पर्यंत तापू दे. तसं केलं, पाचव्या दिवशी दाणे गायब! पण आता डबल झालेत आणि क्लाऊन माशालाही आलेत. पाणी अजून तापवू का?

उत्तर: नाही दादा, पंखा आत्ताच चालू करा, बाकीचं नंतर वाचा. पाणी तापवायचा उपाय गोड्या पाण्यातल्या इकचा (पांढऱ्या दाण्यांच्या रोगाचा), गोल्डफिश-मॉलीवाल्यांचा. तिथला जीव इक्थिऑफ्थिरियस, आपल्या खाऱ्या पाण्यातला क्रिप्टोकॅरियॉन (थोडक्यात क्रिप्टो), दाणे सारखे दिसले तरी जीव वेगळे. ह्याला 32 डिग्रीने काही होत नाही, आणि पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी, म्हणजे ज्या माशाचे कल्ले परजीवीने आधीच भरलेत त्याचाच श्वास कोंडतो.

मग दाणे गेले कसे? त्यांचं पोट भरलं म्हणून गेले. हा जीव माशाच्या कातडीत साधारण 3 ते 7 दिवस बसून खातो, मग आपणहून गळून पडतो, बहुतेक वेळा अंधारात, आणि वाळूला, दगडाला, काचेला चिकटून स्वतःभोवती कोष करतो. कोषाच्या आत त्याचे तुकडे होत जातात आणि एकेका कोषातून 200 पर्यंत पोहणारी पिल्लं बाहेर पडू शकतात. त्यांच्याकडे मासा शोधायला जेमतेम एक-दोन दिवस असतात. समुद्र एवढा मोठा की बहुतेकांना मासा सापडतच नाही, पण आपल्या दोनशे लिटरच्या पेटीत मासा जाणार कुठं? म्हणून दुसऱ्या वेळी दाणे डबल होतात. आणि कोषात असताना त्याच्यावर कुठलंच औषध चालत नाही, हे एवढं डोक्यात पक्कं बसलं की पुढचं सगळं सोपं आहे.

तर आता करायचं असं की सगळे मासे बाहेर काढा, ज्यांच्यावर दाणा दिसत नाही तेसुद्धा, कारण बरेच परजीवी कल्ल्यात असतात आणि ते आपल्याला दिसत नाहीत. मेन टाकी 76 दिवस बिनमाशाची ठेवा. प्रयोगात काही कोषांतून 72व्या दिवशी पिल्लं निघालेली आहेत, म्हणून हा आकडा. कोरल, झिंगे, गोगलगायी आतच राहू द्या, त्यांच्यावर हा जगत नाही.

मासे बाहेर काढल्यावर औषधाशिवायचा उपाय म्हणजे टब बदलणं. दोन प्लास्टिकचे टब घ्या, मासा एका टबात 72 तासांच्या वर ठेवायचा नाही, दुसऱ्या टबात ताज्या खाऱ्या पाण्यात हलवायचा, असं चार वेळा, म्हणजे 12 दिवसांत काम होतं. परजीवी गळून कोष करतो आणि पिल्लं निघायच्या आत मासा तिथून गेलेला असतो. रिकामा टब, एअरस्टोन, पाईप सगळं धुऊन गच्चीवर कडक वाळवायचं, इथं आपलं ऊन फुकटात कामाला येतं. जाळीचं किंवा आधीच्या टबाचं ओलं पाणी सोबत जाता कामा नये.

प्रश्न (जळगाव): दाण्यांवरचं कॉपर, म्हणजे तांब्याचं औषध मेन टाकीतच टाकलं तर? कोरल नाहीत माझ्याकडे, फक्त लाईव्ह रॉक (समुद्री दगड) आणि वाळू आहे.

उत्तर: नका टाकू. दगड आणि वाळू कॉपर शोषून घेतात, मग आकडा खाली येतो, तुम्ही परत टाकता, परत खाली येतो, आणि पुढे तेच कॉपर हळूहळू पाण्यात सुटत राहतं. त्या टाकीत पुन्हा झिंगा किंवा कोरल ठेवायचा भरवसा नाही राहत.

वेगळी उघडी टाकी लावा, तळाला काही नको, एक स्पंज फिल्टर, एअरपंप, आणि लपायला पीव्हीसी पाईपचे एल्बो-टी. जळगावात राहून पीव्हीसीचे तुकडे मिळाले नाहीत असं कोणी म्हणू नये. फिल्टरमधला कार्बन काढून ठेवा, तो औषध ओढून घेतो.

आता डोस, इथं नीट लक्ष द्या. कॉपर दोन तऱ्हेचं मिळतं आणि दोघांचे आकडे वेगळे आहेत. क्युप्रामीनसारखं आयोनिक असेल तर लिटरला 0.5 मिलीग्रॅम, कॉपरसेफसारखं चिलेटेड असेल तर 1.5 ते 2. एकाचा आकडा दुसऱ्याला लावला तर एकतर मासा मरतो नाहीतर परजीवी जगतो. दोन-तीन दिवसांत हळूहळू वाढवा, मग 30 दिवस त्या आकड्याखाली एक दिवसही येऊ देऊ नका, आणि रोज टेस्ट करा, तीही त्याच तऱ्हेच्या कॉपरला चालणाऱ्या किटने. किट नसेल तर कॉपर वापरूच नका, हे मी फार कळकळीने सांगतोय. सुरुवातीच्या वर्षांत मी थेंब मोजून, अंदाजाने कॉपर टाकलं होतं आणि चांगला तीन वर्षं जगलेला फॉक्सफेस मासा माझ्या हातून गेला. अजून त्याची आठवण आली की वाईट वाटतं. आणि हो, अमोनिया बांधणारं कंडिशनर आयोनिक कॉपरसोबत टाकू नका, कॉपर एकदम विषारी होतं. पफर आणि मँडरिन माशांना तर कॉपर सोसतच नाही.

प्रश्न (धुळे): दादा, क्लाऊनची जोडी आणली, तिसऱ्या दिवशी अंगावर पांढरट चिकट साय आल्यासारखी, वर येऊन जोरात श्वास घेत होते. लगेच कॉपर दिलं, बरोबर मोजून. तरी दोन दिवसांत दोघं गेले. काय चुकलं?

उत्तर: मोजमाप नाही चुकलं, औषधच वेगळं पाहिजे होतं. तुम्ही लिहिलंय त्यावरून हा ब्रुकलिनेला नावाचा परजीवी वाटतो, क्लाऊनमध्ये इतका होतो की त्याला क्लाऊनफिश डिसीजच म्हणतात. ह्यात दाणे नसतात, कातडीवर चिकट थर सुटतो आणि सालीसारखा लोंबतो. कॉपरने हा मरत नाही. ह्याला फॉर्मेलिनची आंघोळ: बाजारात मिळणारं 37 टक्क्यांचं, 10 लिटर खाऱ्या पाण्यात दीड मिली, म्हणजे 150 पीपीएम, 30 ते 45 मिनिटं, जोरात हवा चालू ठेवून आणि समोर बसून. मासा कलंडायला लागला की लगेच बाहेर. बाटलीत तळाला पांढरा साका दिसला तर ते वापरायचं नाही. पाणी 27च्या वर असेल तर आधी थंड करा. आणि ताई-दादांनो, फॉर्मेलिन कॅन्सरकारक आहे, हातात ग्लोव्हज, खिडक्या उघड्या, लहान मुलं लांब. आंघोळीनंतर मासा स्वच्छ वेगळ्या टाकीत जाईल, जुन्या पाण्यात परत नाही.

ह्याच्याशी गल्लत होते ती व्हेल्वेटची, त्याचा परजीवी अमायलोओडिनियम. रात्री खोलीतला लाईट बंद करून बाजूने टॉर्च मारा, अंगावर पिठीसारखी बारीक सोनेरी-करडी धूळ चमकली तर व्हेल्वेट समजा. मासा खाणं सोडतो, पंपाच्या धारेसमोर तोंड करून उभा राहतो. हा सगळ्यात घाईचा, धूळ दिसेपर्यंत हातात कधी कधी एक-दोनच दिवस उरलेले असतात. ह्याला मात्र कॉपर चालतं, किंवा क्लोरोक्वीन फॉस्फेट. वरचा टब बदलायचा उपाय व्हेल्वेटला पुरत नाही.

प्रश्न (अमळनेर): बटरफ्लाय माशाच्या अंगावर एकही दाणा नाही, पण दगडाला अंग घासतो, डोळे धूसर झालेत, मान झटकतो. काय असेल?

उत्तर: फ्लूक, म्हणजे चपटे कृमी. काचेसारखे पारदर्शक असतात म्हणून अंगावर असूनही दिसत नाहीत. ओळखायची पद्धत अगदी सोपी आहे. आरओचं पाणी घ्या, खाण्याचा सोडा टाकून पीएच टाकीइतका करा, टेंपरेचर टाकीइतकं, तासभर हवा सोडा आणि काळ्या टबात मासा 3 ते 5 मिनिटं ठेवा. नळाचं असेल तर क्लोरीन काढलेलं पाहिजे. फ्लूक असतील तर पांढरे होऊन तिळासारखे तळाला पडतील. पहिल्यांदा बघाल तेव्हा अंगावर काटा येईल, एवढे असतात कधी कधी.

पण ह्या आंघोळीने पूर्ण काम होत नाही. प्राझिक्वांटेल (प्राझी) हे कृमीचं औषध लागेल, लिटरला 2.5 मिलीग्रॅम म्हणजे 100 लिटरला 250 मिलीग्रॅम. आपल्याकडे कपाशीवाल्याला हे सांगायची गरज नाही की फवारणीने अळी मरते, अंडी राहतात, म्हणून दुसरी फवारणी. इथंही तसंच, फ्लूकच्या अंड्यांवर प्राझी चालत नाही, ती फुटली की 6-7 दिवसांनी दुसरा डोस द्यायचाच. औषध चालू असताना हवा वाढवा, बॅक्टेरिया वाढून पाणी दुधाळ होतं आणि ऑक्सिजन कमी पडतो. टाकीत फेदर डस्टर (पिसांच्या झुपक्यासारखा समुद्री जीव) असेल तर तो मरेल, तोही कृमीच.

प्रश्न (शहादा): लसूण, क्लीनर झिंगा (माशाच्या अंगावरचे किडे खाणारा) आणि यूव्ही दिवा, ह्यातलं कशानं बरं होतं?

उत्तर: बरं कशानंच होत नाही. लसणामुळं मासा कदाचित खायला लागेल, झिंगा एखाददुसरा किडा खाईल, यूव्हीतून जेवढं पाणी जातं तेवढ्यातली पिल्लं मरतील. वाळूतले कोष तसेच.

प्रश्न (चाळीसगाव): क्रिप्टोसाठी औषधाऐवजी पाण्याचा खारटपणा कमी करून 1.009 (घनतेचा आकडा) वर आणलाय, पण उन्हाळ्यात जमेल का? लाईटही जाते.

उत्तर: जमतं, पण सुट्टी नाही. आपली हवा इतकी कोरडी की टाकीवर पंखा लावला की पाणी छान थंड होतं आणि तितकंच भराभर उडतं, मीठ मागे राहतं, संध्याकाळपर्यंत 1.009 चं 1.011 होतं आणि तेवढ्यात परजीवी तगतो. सकाळ-संध्याकाळ रिफ्रॅक्टोमीटरने (खारटपणा मोजायच्या यंत्राने) बघा, काट्याच्या हायड्रोमीटरवर विश्वास नको, आणि उडालेल्या पाण्याच्या जागी फक्त आरओचं गोडं पाणी. पीएच खाली येतो, तोही बघत जा. शेवटचा दाणा गेल्यापासून 4 आठवडे मोजा, मग आठवडाभरात हळूहळू खारटपणा वर न्या. व्हेल्वेटचा जरासा जरी संशय आला तर हा उपाय सोडून लगेच कॉपर, कारण कमी खारटपणात व्हेल्वेट मजेत जगतो. लाईटसाठी बॅटरीवर चालणारा एअरपंप आजच आणून ठेवा, दुपारची दोन तास लाईट गेली तर आजारी माशाला मरायला तेवढे दोन तास पुरेसे असतात.