रोबोट पुतळा कोरतो, मग मुलीनं माती का मळायची?

प्रश्न : मी कोल्हापूरला व्हीएमसी म्हणजे संगणकावर चालणाऱ्या धातू कापायच्या मशीनवर जॉबवर्क करतो. मुलगी बारावी सायन्सला आहे, गणित चांगलं आहे. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट दोन्ही परीक्षांना ए ग्रेड. आठवीपासून गणपतीच्या आधी बापट कॅम्पात शाडूच्या मूर्तींच्या कामाला जाऊन बसते. ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर घरीच शिकली. मध्यंतरी तिनं क्वायोला नावाच्या इटालियन कलाकाराचा व्हिडिओ दाखवला, त्यात रोबोटचा हात पुतळा कोरतो. 'मला हेच करायचंय' म्हणते. माझं म्हणणं, रोबोटच करणार असेल तर आधी मेकॅट्रॉनिक्सला (यंत्र आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या इंजिनिअरिंगला) जा, कला मागून होईल. एका खासगी संस्थेनं डिजिटल आर्टचा डिप्लोमा सुचवला, फी ऐकून छाती दडपली. काय करावं? – एक पालक, कोल्हापूर

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तो व्हिडिओ तुम्ही मुलीसोबत पुन्हा एकदा पाहा, आणि या वेळी कारखानदाराच्या नजरेनं पाहा. तुमच्याकडे कास्टिंग आलं की आधी रफिंग, म्हणजे ढोबळ कापणी घेता, मग फिनिशिंग, म्हणजे सफाईची कापणी. रफिंगच्या पायऱ्या आणि टूलचे ओरखडे राहिले तर गिऱ्हाईक जॉब परत पाठवतं. क्वायोला ते ओरखडे मुद्दाम ठेवतो. त्याच्या शिल्पात एका बाजूला खांदा, मान, केस स्पष्ट उमटलेले असतात आणि तिथून हातभर अंतरावर नुसत्या टूलपाथच्या, म्हणजे टूल ज्या वाटेनं फिरलं तिच्या रेघा असतात, जणू मशीन मध्येच थांबवलंय. थांबायचं कुठं हे तो ठरवतो. रोबोटला त्यातलं काही कळत नाही. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला इथंच दिसतं.

दाविदे क्वायोला १९८२ साली रोममध्ये जन्मला. एकोणिसाव्या वर्षी लंडनला गेला आणि तिथंच शिकला. सुरुवात व्हिडिओ आणि ध्वनीच्या कामातून. मेमो आक्तेन या कलाकाराबरोबर त्यानं खेळाडूंच्या हालचालींवरून केलेल्या 'फॉर्म्स' या कामाला २०१३ मध्ये ऑस्ट्रियातल्या आर्स इलेक्ट्रॉनिकाचा गोल्डन निका पुरस्कार मिळाला. डिजिटल कलेच्या जगात हा फार मानाचा पुरस्कार आहे. त्याची 'कॅप्टिव्ह्ज' ही शिल्पमालिका मायकेलअँजेलोच्या बंदिवानांच्या पुतळ्यांवरून आली. पोप दुसरा ज्युलियस याच्या समाधीसाठी घेतलेल्या त्या पुतळ्यांपैकी चार फ्लॉरेन्सच्या अकादेमिया संग्रहालयात अर्धवट अवस्थेत उभे आहेत. धड दगडातून बाहेर आलंय, डोकं किंवा पाय अजून दगडातच. आजही लोक ते अपुरेपण बघायला जातात. क्वायोलानं तेच अपुरेपण संगणकाच्या भाषेत पुन्हा मांडलं. 'स्कल्प्चर फॅक्टरी' या कामात तर औद्योगिक रोबोट प्रदर्शनातच प्रेक्षकांसमोर फोमचे मोठे ठोकळे कोरत असतो.

आता तुम्ही म्हणाल, हा माणूस तर व्हिडिओतून आला, मग माझ्या मुलीनं मातीकाम का करायचं? कारण तो रोमचा आहे. शिल्पकार बर्निनीची कारंजी तिथल्या चौकात उभी आहेत, शाळेत जाता-येता दिसतात. बोर्गेझे संग्रहालयात बर्निनीच्या शिल्पात रोमन पुराणातला प्लूटो देव प्रोझर्पिनाला उचलून नेताना दिसतो, तिच्या मांडीत त्याची बोटं रुतलेली आहेत, आणि संगमरवर तिथं खरंच मांसासारखा दबलेला वाटतो. हे ज्याच्या डोळ्यांत लहानपणापासून मुरलंय, तो थेट संगणकावर बसला तरी चालतं. तुमच्या मुलीला तो साठा बांधावा लागेल, आणि आकार डोळ्यांत मुरवण्याचा खात्रीचा रस्ता हातातूनच जातो. वीस-पंचवीस मुलांच्या स्टुडिओत, समोर मॉडेल बसलंय, मागून सर येऊन 'कॉलरबोन कुठं गेलं?' विचारतात, तिथं ते होतं. स्क्रीनवर कंट्रोल-झेड दाबून होत नाही.

म्हणून माझा स्पष्ट सल्ला : शिल्पकलेतली बीएफए, म्हणजे ललित कलेची पदवी, चार वर्षांची.

मेकॅट्रॉनिक्स वाईट नाही. पण तुमच्याकडे मशीन घरचं आहे. जी कोड (मशीनला द्यायच्या सूचना), टूल ऑफसेट, कटरची निवड हे तिला शिकवणारा माणूस रोज रात्री तिच्यासोबत जेवायला बसतो. अठरा ते बावीस या वयात तिला जे घरी मिळणार नाही त्यासाठी कॉलेज निवडा. तुमच्या तीन अक्षांच्या व्हीएमसीवर टूल वरून खाली येतं, त्यामुळे हनुवटीखालचा किंवा काखेतला भाग त्याला गाठता येत नाही. रोबोटचा सहा अक्षांचा हात वळून तिथं जातो. उलट तुमच्या मशीनचा ताठपणा आणि अचूकता त्या हाताला नाही, आणि पुतळ्याला मायक्रॉन लागतही नाहीत. एवढं समजायला तिला पदवी लागणार नाही, तुमच्या शेडमध्ये सुट्टीचे दोन महिने पुरतील.

डिप्लोम्याला पैसे देऊ नका. अशा अभ्यासक्रमांत बहुतेक वेळ सॉफ्टवेअर शिकवण्यात जातो. तुमची मुलगी ब्लेंडर घरी शिकलीच आहे, आणि ते फुकट आहे.

महाराष्ट्रात बीएफएसाठी सीईटी सेलची एमएएच-एएसी-सीईटी असते. त्यात वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि सामान्यज्ञान असतं. ए ग्रेडच्या मुलीला हे जड नाही, फक्त वेळ लावून सराव हवा. शाखेची अट नाही, सायन्स चालतं. मुंबईचं सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, १८५७ पासूनचं, आता अभिमत विद्यापीठ झालंय. त्यांची प्रवेशप्रक्रिया त्यांच्याच संकेतस्थळावर वेगळी पाहा. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ललित कला शाखाही जरूर यादीत ठेवा. तिथं शिल्पकलेचं वातावरण फार चांगलं आहे. एनआयडीची प्रवेश परीक्षा किंवा आयआयटीची यूसीड या डिझाइनसाठी आहेत, तो वेगळा रस्ता. त्यात वेळ घालवायचा तर ती निवड मुलीची असू द्या.

इटली आत्ता नको. पदवीनंतर मात्र गंभीरपणे विचार करा. कर्राराची कला अकादमी १७६९ ची आहे आणि ती संगमरवराच्या खाणींच्या पायथ्याशी आहे, मायकेलअँजेलो स्वतः दगड निवडायला जायचा त्याच डोंगरांच्या. आज तिथं रोबोटर ही कंपनी दगड कोरणारे रोबोट बनवते. मशीन पुतळा पूर्णत्वाच्या जवळ आणतं आणि शेवटचा हात अजून कारागीर फिरवतात. सरकारी अकादम्यांची फी कुटुंबाच्या उत्पन्नावर ठरते आणि खासगी संस्थांपेक्षा बरीच कमी असते. पण बहुतेक अभ्यासक्रम इटालियनमध्ये आहेत, तेव्हा बीएफएच्या दुसऱ्या वर्षापासून भाषेचा क्लास सुरू करावा. परदेशी विद्यार्थ्यांची पूर्वनोंदणी यूनिव्हर्सिटाली या सरकारी पोर्टलवरून होते. एजंटची गरज नाही.

पोटापाण्याचं बोलू, कारण तुमच्या पत्रातली खरी काळजी तीच आहे. क्वायोलासारखं नाव होईल असं मी कुणालाच सांगणार नाही. २०२१ च्या एनएफटीच्या, म्हणजे डिजिटल चित्रांच्या ऑनलाइन मालकीहक्क विक्रीच्या लाटेवर भरवसा ठेवून मुलांना या क्षेत्रात ढकलणाऱ्यांचा मला राग येतो. पण ज्याला शरीररचना येते आणि फाइलही तयार करता येते, त्याला काम आहे. पुण्या-मुंबईतले व्हीएफएक्स आणि गेमचे स्टुडिओ कॅरेक्टर मॉडेलर शोधत असतात. संग्रहालयांत थ्रीडी स्कॅनिंगचं काम वाढतंय. आणि मोठ्या पुतळ्यांचं काम तर महाराष्ट्रात पिढ्यान्पिढ्या चालू आहे. धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे, जे.जे.त शिकलेले राम सुतार घ्या. १८२ मीटरचा स्टॅच्यू ऑफ युनिटी त्यांनी हातानं घडवलेल्या प्रतिकृतीवरून उभा राहिला. ती प्रतिकृती स्कॅन करून संगणकावर वाढवली. चेहरा आधी मातीतच ठरला होता.

आणि कोल्हापुरात बसून 'कला की मशीन' असा वाद घालणं मला पटत नाही. बाबूराव पेंटर पडदे रंगवायचे, पुतळे करायचे, आणि सिनेमा करायचा म्हटल्यावर कॅमेराही त्यांनी इथंच तयार केला. आधी नात्यातले भाऊ आनंदराव सोबत होते. ते १९१६ मध्ये गेले, तरी बाबूरावांनी सहकारी दामल्यांना हाताशी धरून काम तडीस नेलं. तुमची मुलगी मागतेय ते तुमच्या गावाला नवीन नाही.

आता कामाचं. परीक्षा झाली की तिला खिद्रापूरला घेऊन जा. कोपेश्वर मंदिराच्या पायथ्याशी हत्तींची रांग आहे, बरेचसे भंगलेले. तिनं त्यातला एक निवडावा. पहिला दिवस फक्त पेन्सिल आणि कागद, मोबाइल पिशवीत. मग सगळ्या बाजूंनी, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा निम्म्याहून अधिक भाग येईल असे भरपूर फोटो काढावेत. सकाळी ऊन चढायच्या आत काढावेत, कडक सावल्या पडल्या की मॉडेल बिघडतं. घरी येऊन आधी तोच हत्ती शाडूत करावा. त्यानंतर मेशरूम या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फोटोंवरून थ्रीडी मॉडेल, ब्लेंडरमध्ये सफाई, आणि शेवटी तुमच्या मशीनवर फोमच्या ठोकळ्यात. कुठला भाग फिनिश करायचा आणि कुठला रफिंगवर सोडायचा हे तिनं ठरवावं आणि का ते चार ओळींत लिहावं. सोंडेचा तुटका भाग पूर्ण करायचा की तुटकाच ठेवायचा, हाही तिचाच निर्णय.

रेखाटनं, शाडूचा हत्ती, फोमचा हत्ती आणि त्या चार ओळी एवढी फाइल पुढं बडोद्याला किंवा कर्राराला दाखवायला उत्तम सुरुवात आहे. तुम्ही फक्त मशीन द्या आणि सुरक्षेचे नियम सांगा. टूलपाथ तिला लिहू द्या. एखादं कटर तुटेल, ते खर्चात धरून चला.